विश्लेषण : कोंबडीच्या पिल्लांना तांदळाची कणी पुरते का?

आठवडी बाजारातून दुरडीभर पिल्ले घरी येतात आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांच्यापुढे तांदळाची कणी टाकली जाते. पिल्ले ती टिपतात, पोटही भरलेले दिसते. काही दिवसांनी मात्र पंख गळतात, पाय वाकतात, एकेक पिल्लू कमी होऊ लागते. मग ‘रोग आला’ म्हणून विषय संपतो. अनेकदा त्याआधी आहार चुकलेला असतो.

कणीत कमी काय?

तांदळात प्रथिने साधारण ७ ते ८ टक्के, मक्यात जेमतेम ९. सुरुवातीच्या आठवड्यांत पिल्लाला लागतात सुमारे २० टक्के. नुसती पिसे घेतली, तरी ती जवळपास सगळी प्रथिनांचीच बनलेली असतात. गावठी कोंबडीमागे फिरणारे पिल्लू ही तूट उकिरड्यातल्या अळ्या, वाळवी आणि कोवळा पाला खाऊन भरून काढते. हॅचरीतून आलेल्या, खोक्यात कोंडलेल्या पिल्लाला ती सोय नाही. त्यामुळे ‘आमची आजी कणीच घालायची’ हा दाखला इथे चालत नाही.

मग घरात आहे ते दिले तर?

इथेच दुसरी चूक होते. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या लेअर खाद्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असते. पिल्लाला एक टक्क्याच्या आसपास पुरते. जास्तीचे कॅल्शियम मूत्रपिंडांवर येते. मराठवाडा-विदर्भात घरचे सोयाबीन भरडून घालण्याचा मोह होतो, पण कच्च्या सोयाबीनमधील घटक प्रथिनांचे पचन रोखतात. तेल काढून उष्णतेची प्रक्रिया झालेली पेंड चालते, कच्चा भरडा नाही.

बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाणा पेंड ऊन दाखवूनही देऊ नये. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, ते बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीमुळे. त्यातूनच अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. हे विष उन्हाने किंवा शिजवण्याने पुरेसे नष्ट होत नाही.

पिल्लू आले की आधी पाणी, मग खाद्य. पाण्याचे भांडे उथळ हवे, त्यात खडे टाकावेत. नाहीतर पिल्ले बुडतात. पहिल्या आठवड्यात उबेची जागा ३५ अंशांच्या आसपास हवी. गारठलेले पिल्लू खाद्याकडे फिरकतच नाही.

खरी अडचण कुठे?

योग्य ‘चिक स्टार्टर’ बाजारात आहे, पण सहसा ५० किलोच्या पोत्यात. दहा पिल्ले पाळणारी बाई एवढे पोते घेऊन करणार काय? उघडे पोते पावसाळ्यात दमट होते, पुन्हा बुरशीची भीती. सुटे घ्यावे, तर ते स्टार्टर की लेअर हे पुडीवर लिहिलेले नसते. दोष तिच्या अडाणीपणाला देणे सोपे आहे. पिल्ले विकणाऱ्याने सोबत पाच किलोची पिशवी ठेवावी आणि तिच्यावर ठळक मराठीत ‘फक्त पिल्लांसाठी’ असे छापावे, एवढे तरी अवघड नाही.