इंग्रजीच्या तासाला मराठी : दोष की आधार?

माळशिरस : 'ओपन युवर बुक्स. काढलं का सगळ्यांनी पान? नाऊ रीड द फर्स्ट पॅराग्राफ.' माळशिरस तालुक्यातच नव्हे, तर राज्यातील बहुतेक मराठी शाळांत इंग्रजीचा तास असाच दोन भाषांत चालतो. तपासणीला साहेब आले, की त्यातील मराठी एकाएकी लोप पावते आणि तिच्याबरोबर बहुसंख्य मुलांचा आवाजही.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. पुढे 'सेमी इंग्रजी'मुळे गणित आणि विज्ञानही इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून शिकविले जाऊ लागले. उसाच्या पट्ट्यातील या गावांत घरी, शिवारात, बाजारात इंग्रजी कानावर पडत नाही. जे काही पडते, ते वर्गातच. त्यामुळे 'इंग्रजी फक्त इंग्रजीतूनच' हा आग्रह वरकरणी रास्त वाटतो. तथापि, त्याला शास्त्राचा आधार मानला जातो तेवढा भक्कम नाही. सी. जे. डॉडसन यांनी १९६७ मध्येच द्विभाषिक पद्धत मांडली होती. अर्थ मातृभाषेत सांगावा, सराव मात्र इंग्रजीत करून घ्यावा आणि मातृभाषेचा आधार हळूहळू काढून घ्यावा, असे तिचे सूत्र. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नेही मुलांच्या बहुभाषिकतेकडे अडचण म्हणून नव्हे, तर साधन म्हणून पाहिले.

गंमत अशी, की दहावीच्या तृतीय भाषा इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत शब्द व वाक्ये आपल्या माध्यमाच्या भाषेत आणण्याचा प्रश्न असतो. परीक्षेत ज्याला गुण, वर्गात त्याचीच चोरी!

अर्थात, शिक्षकांची बाजूही निर्दोष नाही. धड्यातील प्रत्येक ओळ वाचून लगेच मराठीत सांगण्याची सवय अनेकांना जडली आहे. मुलेही मग हुशार होतात. इंग्रजी वाक्याकडे दुर्लक्ष करून पाठोपाठ येणाऱ्या मराठी वाक्याची वाट पाहतात. दहा वर्षे इंग्रजी शिकूनही स्वतःचे एक वाक्य जुळविता न येण्याचे मूळ भाषामिश्रणात नसून या आयत्या अनुवादात आहे. अडलेला शब्द मराठीत उलगडणे वेगळे आणि अख्खा तास मराठीत उरकणे वेगळे. सेमीच्या वर्गात तर उलट टोक दिसते. 'डिनॉमिनेटर' पाठ असतो, पण तो म्हणजेच छेद, हे मुलाला कोणी सांगितलेलेच नसते. अशा मुलाच्या हाती ना इंग्रजी लागते, ना गणित.

शिवाय 'मातृभाषा' म्हणजे मराठीच, हे गृहीतकही सर्वत्र टिकत नाही. गाळप हंगामात ऊसतोड मजुरांसोबत येणाऱ्या मुलांपैकी काहींच्या घरी गोरमाटी बोलली जाते. त्यांच्यासाठी मराठी स्पष्टीकरण हीसुद्धा दुसरी परीक्षाच. शेजारच्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तके मुलांच्या मातृभाषेत आणून त्यांना क्यूआर कोडची जोड दिल्याची दखल वार्की फाउंडेशनने त्या वेळी घेतली होती. कौतुक झाले ते क्यूआर कोडचे. मुलांच्या घरची भाषा वर्गात आणण्याचा त्यातील भाग चर्चेत मागेच राहिला.