मुलींच्या हाती जादू का?
इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात अलौकिक शक्ती गवसलेल्या मुलींच्या कादंबऱ्या ओळीने मांडलेल्या दिसतात. आईबापांना वाटते, हे कसले खूळ! मला मात्र त्यात एक जुनी तक्रार ऐकू येते.

स्टीफन किंगच्या ‘कॅरी’त (१९७४) आई मुलीची शक्ती पाप मानते; शेवट विध्वंसात होतो. रोआल्ड डालची ‘मटिल्डा’ (१९८८) नुसत्या नजरेने वस्तू हलवते. पण वरच्या वर्गात घातल्यावर, बुद्धीला काम मिळताच, ती शक्ती नाहीशी होते. नेडी ओकोराफोरच्या ‘अकाटा विच’मध्ये (२०११) नायजेरियातल्या, जन्मतः रंगहीन त्वचेच्या सनीला शाळेत चिडवतात, जादूच्या जगात तेच वैगुण्य गुणाची खूण ठरते.

जादू म्हणजे कोंडलेली कुवत. तेव्हा मुलीच्या हातचे पुस्तक काढून घेण्याआधी, तिच्या बुद्धीला घरात वाव आहे का, हे आपणच तपासावे.