सनदेनंतरची पहिली पाच वर्षे

दलित स्त्री वकिली करू लागते तेव्हा जात आणि बाईपण यांचा जाच तिला एकाच वेळी सोसावा लागतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संदर्भात कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी हेच १९८९ मध्ये मांडले. त्यांच्यासमोर कृष्णवर्णीय स्त्रियांनी जनरल मोटर्सविरुद्ध केलेल्या खटल्यातला १९७६ चा निकाल होता. कंपनीत स्त्रिया नोकरीला आहेत म्हणून लिंगभेदाचा दावा फेटाळला गेला आणि वंशभेदाची तक्रार दुसऱ्या खटल्यात न्यावी असे सांगण्यात आले. नोकरीतल्या त्या स्त्रिया गोऱ्या होत्या, याला न्यायालयाने महत्त्व दिले नाही.

पहिल्या भारतीय स्त्री वकिलांपैकी एक असलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म नाशिकचा, १८६६ चा. ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा त्यांनी १८९२ मध्ये दिली. पदवी हाती पडली १९२२ मध्ये. भारतात स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा त्याच्या पुढच्या वर्षी झाला. घर शिकलेले, पाठीशी वजनदार इंग्रज हितचिंतक, तरीही तीस वर्षे गेली. याच नाशिकमध्ये १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात दलित स्त्रिया सत्याग्रहाला बसल्या. त्यांच्या नाती-पणतींकडे ना तसे घर होते, ना तसे हितचिंतक.

राखीव जागांमुळे लॉ कॉलेजचे दार उघडले. ३० जुलै २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी शुल्काला कायद्यातलीच मर्यादा घातली: अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये, इतरांसाठी ७५०. खरी अडचण सनद मिळाल्यानंतरची. नाशिकच्या इंदिरानगरातून सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात रोज येणाऱ्या, घरात कुणी वकील नसलेल्या मुलीला सिनिअर मिळणे हीच पहिली परीक्षा. ओळखीवर मिळणाऱ्या चेंबरमध्ये आडनाव आधी विचारले जाते. काम मिळाले तरी बहुधा तारखा घेण्याचे; उलटतपासणी दुसऱ्याकडे. मोबदला नाममात्र. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असे सुचवले. ते बंधनकारक नाही. ज्या घराला पोरीच्या पहिल्या पगाराची वाट असते, तिथे सनदेनंतरची ही पहिली पाच वर्षे काढणे अशक्यच.

म्हणूनच वरच्या न्यायासनांवर दलितांच्या जागा रिकाम्या राहतात. २०१८ ते २०२२ या काळात उच्च न्यायालयांत नेमलेल्या न्यायाधीशांत अनुसूचित जातींचे प्रमाण तीन टक्क्यांच्याही आत होते. सर्वोच्च न्यायालयात आजवर एकही दलित स्त्री न्यायाधीश झालेली नाही.

नाशिकच्या प्रत्येक ज्येष्ठ वकिलाने यंदा अशी एक ज्युनिअर चेंबरमध्ये घ्यावी, तिला ठरलेला मोबदला द्यावा आणि पहिल्याच वर्षी एका साक्षीदाराची उलटतपासणी तिच्या हाती सोपवावी.