दोष एकट्या मेंढ्यांचा नाही

बाळगुटीतले अतिविष सहाणेवर उगाळताना ते कुठून आले, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. ते येते हिमालयातून, वृक्ष संपल्यावर लागणाऱ्या गवताळ कुरणांतून. गढवालात त्यांना 'बुग्याल' म्हणतात. कुटकी आणि जटामांसीही तिथल्याच. तिन्हींचा औषधी भाग जमिनीखाली. तो खणला की बहुधा रोपच संपते. जागतिक यादीत अतिविष आज संकटग्रस्त आहे, जटामांसी तर अतिसंकटग्रस्त.

या वनस्पती विरळ झाल्या की पहिले बोट मेंढपाळाकडे जाते. बेसुमार चराईने कुरण उजाड होते, कोवळी रोपे तुडवली जातात, हे खरेच. पण तेवढ्यावर निकाल देणे मला घाईचे वाटते.

तिबेटच्या पठारावर ज्युलिया क्लाइन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. गवतावर वरून उघडे, पारदर्शक कक्ष उभारून आतली हवा थोडी उबदार केली. काही ठिकाणी गवत कापून चराईची नक्कल केली. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. उबेमुळे वनस्पतींच्या जाती २६ ते ३६ टक्क्यांनी घटल्या होत्या. 'चराई' झालेल्या जागी ही घट सौम्य होती. पुढच्या अभ्यासांत औषधी आणि चाऱ्याच्या वनस्पतीही उबेने मागे पडलेल्या दिसल्या.

आपल्याकडे 'फुलों की घाटी' १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाली आणि तिथली चराई थांबली. तिथे पॉलिगोनम नावाची उंच, दाट वाढणारी वनस्पती पसरली. वनखात्याला ती उपटत बसावे लागते. काही अभ्यासक याचा संबंध चराईबंदीशी जोडतात, काहींना तो मान्य नाही. मात्र कुंपण घातले की निसर्ग आपोआप सावरतो, हा समज त्यामुळे डळमळतो.

मेंढपाळाला वर येण्यापासून अडवता येते, उष्णतेला नाही. थंडीच्या शोधात वनस्पती वर सरकतील म्हणावे, तर डोंगरालाही कुठेतरी माथा आहेच. म्हणून सरसकट बंदीपेक्षा कुरणागणिक बेताची, आलटून-पालटून चराई ठरवावी, आणि ती ठरवताना पिढ्यान्‌पिढ्या तिथे जाणाऱ्यांना विचारावे. मुळ्या रानातून ओरबाडण्याऐवजी पहाडी गावांत त्यांची लागवड वाढावी, शेतकऱ्याला रास्त भाव मिळावा. तो भाव अखेर आपल्याच खिशातून जाणार आहे. बाळाच्या औषधाला दोन रुपये जास्त मोजायला आपली ना असू नये.