विश्लेषण : ‘यूएफसी ३००’मध्ये कोणाचे पारडे जड? भाकीत करताना काय पाहावे?

मिश्र मार्शल आर्ट्सच्या इतिहासातील सर्वांत तगडे कार्ड अशी जाहिरात झालेली ‘यूएफसी ३००’ ही स्पर्धा १३ एप्रिल २०२४ ला लास व्हेगासच्या टी-मोबाइल अरिनामध्ये होत आहे. भारतीय वेळेनुसार रविवारी, १४ एप्रिलच्या पहाटेपासून १३ लढती रंगतील. एका रात्रीत १२ आजी-माजी यूएफसी विजेते पिंजऱ्यात उतरणार आहेत. अशा वेळी नावावरून निकाल सांगता येत नाही. मग कोणत्या लढतीत कोणाला संधी आहे आणि ते कशावरून ठरवायचे?

‘यूएफसी ३००’ला एवढे महत्त्व का?

यूएफसीची पहिली स्पर्धा १९९३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हरमध्ये झाली. पुढे शंभरच्या पटीतील स्पर्धा मोठी करण्याचा पायंडा पडला. २००९ मध्ये ‘यूएफसी १००’, २०१६ मध्ये ‘यूएफसी २००’ आणि आता ‘३००’. या तिन्ही स्पर्धांत लढणारा एकमेव खेळाडू म्हणजे ४० वर्षांचा जिम मिलर. या वेळी त्याची गाठ बॉबी ग्रीनशी आहे.

कार्डवर दोन अधिकृत विजेतेपदाच्या लढती आहेत. लाइट हेवीवेट गटात (९३ किलो) अ‍ॅलेक्स परेरा विरुद्ध जमाहल हिल आणि महिलांच्या स्ट्रॉवेट गटात (५२ किलो) झँग वेइली विरुद्ध यान शियाओनान. जस्टिन गेची आणि मॅक्स हॉलोवे यांच्यात ‘बीएमएफ’ पट्ट्यासाठी लढत होईल. हा पट्टा मानाचा, पण त्याचा क्रमवारीशी संबंध नाही. या तीन लढती प्रत्येकी पाच मिनिटांच्या पाच फेऱ्यांच्या, तर बाकीच्या तीन फेऱ्यांच्या असतील.

भाकीत कशाच्या आधारे करायचे?

कुस्ती पाहणाऱ्या मराठी वाचकाला या खेळात एक गोष्ट सुरुवातीला खटकते. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. इथे पाठ टेकल्यावर लढतीचा नवा भाग सुरू होतो. प्रतिस्पर्ध्याचा पट काढून त्याला खाली आणले, तरी केवळ त्याबद्दल गुण मिळत नाहीत. वर बसलेल्याने ठोसे लगावले किंवा गळा, हात आवळला, तर त्याचा उपयोग. खाली असलेला खेळाडूही पायांचा विळखा घालून वरच्याला शरण आणू शकतो. निकाल पंचांकडे गेला तर प्रत्येक फेरीत कोणाच्या माऱ्याचा किंवा पकडीचा परिणाम जास्त झाला, हे आधी पाहिले जाते.

म्हणून ‘कोण बलवान’ यापेक्षा ‘लढत कुठे होणार’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो. उभ्याने, दूर अंतरावर? जाळीला टेकून? की जमिनीवर? ती जागा ठरवण्याची क्षमता ज्याच्याकडे, त्याचे पारडे जड.

‘यूएफसी ३००’मध्ये या प्रश्नाला आणखी दोन बाबी जोडाव्या लागतात. पहिली, दुखापत. हिल, अलेक्झांडर राकिच आणि कॅल्विन केटर हे तिघे मोठ्या दुखापतीनंतर परतत आहेत. दुसरी, वजनगट. हॉलोवे आणि अल्जमेन स्टर्लिंग वरच्या गटात, तर केला हॅरिसन खालच्या गटात लढणार आहे. जुनी कामगिरी या सहा जणांबाबत अर्धीच माहिती देते.

परेरा की हिल?

दोघांची उंची सारखी, १९३ सेंटीमीटर. हातांचा पल्लाही सारखाच, ७९ इंच. फरक आहे तो गेल्या १५ महिन्यांत.

हिलने जानेवारी २०२३ मध्ये रिओ दी जानेरोत ग्लोव्हर टेक्सेराला पाचही फेऱ्यांत हरवून रिक्त विजेतेपद मिळवले. त्या लढतीत त्याने दोनशेहून अधिक परिणामकारक फटके मारले. त्यानंतर जुलैमध्ये बास्केटबॉल खेळताना त्याच्या टाचेवरची अकिलीस शीर तुटली आणि त्याने पट्टा सोडला. त्यामुळे तो पिंजऱ्यात विजेतेपद हरलेला नाही. या लढतीआधीच्या १३ निकाली लढतींत त्याचा एकच पराभव आहे.

परेराची वाट वेगळी. ब्राझीलमध्ये टायरच्या दुकानात काम केलेला हा खेळाडू किकबॉक्सिंगमध्ये ‘ग्लोरी’ संघटनेचा दोन गटांत विजेता होता. यूएफसीत तो नोव्हेंबर २०२१ मध्ये आला. वर्षभरात इस्रायल अदेसान्याला हरवून मिडलवेटचा विजेता झाला, एप्रिल २०२३ मध्ये त्याच्याकडूनच नॉकआउट झाला आणि वरच्या गटात जाऊन नोव्हेंबरमध्ये यिरी प्रोहाझ्काला हरवत हिलने सोडलेला पट्टा जिंकला. हिलने रिओत हरवलेला टेक्सेरा हाच परेराचा वस्ताद आहे.

परेराचा कच्चा दुवा जमिनीवर आहे. यान ब्लाहोविचने जुलै २०२३ मध्ये पहिल्या फेरीत त्याला खाली आणून पाठीचा ताबा मिळवला होता. पण हिल पट काढणारा मल्ल नाही. त्याचा भर ठोशांच्या संख्येवर असतो. लढत उभ्यानेच होईल आणि परेराला तेच हवे आहे. पोटरीवरची लाथ आणि डावा हूक ही त्याची दोन मुख्य हत्यारे. हिल डावखुरा असल्याने त्याचा उजवा पाय पुढे राहतो आणि परेराची लाथ आधी त्यावर येईल. ठोशात जोर येतो तो पायाने जमीन ढकलून. नऊ महिन्यांपूर्वी अकिलीस तुटलेल्या खेळाडूला दोन्ही पायांवर तितकाच विश्वास ठेवता येईल का, हा या लढतीतील कळीचा प्रश्न आहे.

अंदाज : परेरा, तीन फेऱ्यांच्या आत नॉकआउट. लढत चौथ्या फेरीत गेली तर मात्र हिलच्या ठोशांची संख्या बोलू लागेल.

चीनच्या दोन खेळाडूंची लढत एकतर्फी ठरेल का?

दोन चिनी खेळाडूंमध्ये यूएफसीचे विजेतेपद पणाला लागण्याची ही पहिलीच वेळ. झँगने ऑगस्ट २०१९ मध्ये शेन्झेन येथे जेसिका अँड्राडेला ४२ सेकंदांत हरवले आणि ती चीनची पहिली यूएफसी विजेती ठरली. यानने मे २०२३ मध्ये त्याच अँड्राडेला पहिल्या फेरीत नॉकआउट केले. हे पाहून दोघी तुल्यबळ वाटू शकतात.

कार्ला एस्पार्झाविरुद्धच्या त्यांच्या लढती मात्र वेगळे सांगतात. मे २०२१ मध्ये एस्पार्झाने यानला खाली आणून दुसऱ्या फेरीत लढत संपवली. त्याच एस्पार्झाला झँगने नोव्हेंबर २०२२ मध्ये दुसऱ्या फेरीत गळा आवळून शरण आणले आणि पट्टा परत मिळवला. म्हणजे यानचा दुबळा भाग तोच झँगचा बलवान भाग. उभ्याने यानचे सरळ ठोसे झँगला त्रास देऊ शकतात. २०२१ मध्ये रोझ नामायुनासने झँगला डोक्यावरच्या एका लाथेत ७८ सेकंदांत हरवले होते. पण उभ्याने जमत नसेल तर खाली नेण्याचा पर्याय झँगकडे आहे, यानकडे तो तितका नाही.

अंदाज : झँग, पंचांच्या निर्णयावर किंवा जमिनीवर शरणागती.

गेची-हॉलोवे लढतीकडे सर्वाधिक लक्ष का?

दोघांपैकी कोणीही मागे हटत नाही, म्हणून. या लढतीआधीच्या गेचीच्या २५ विजयांपैकी २० नॉकआउटने आले आहेत. त्याचे चारही पराभव निर्णायक आहेत, म्हणजे पंचांच्या गुणांवर तो कधीच हरलेला नाही. हॉलोवेच्या नावावर यूएफसीत ३ हजारांहून अधिक परिणामकारक फटके आहेत, हा विक्रम आहे. जानेवारी २०२१ मध्ये केटरविरुद्ध त्याने एकाच लढतीत ४४५ फटके मारले होते.

अडचण वजनाची. हॉलोवेने आपली कारकीर्द प्रामुख्याने ६५.८ किलोच्या फेदरवेट गटात घडवली. ७०.३ किलोच्या लाइटवेट गटात तो एप्रिल २०१९ मध्ये डस्टिन पोरियेविरुद्ध लढला आणि हरला. त्या रात्री हॉलोवेचे फटके लागत होते, पण पोरियेच्या फटक्यांचे वजन जास्त होते. याच पोरियेला गेचीने जुलै २०२३ मध्ये डोक्यावर लाथ मारून नॉकआउट केले.

हॉलोवेच्या बाजूने दोन गोष्टी. या लढतीपर्यंत तो ठोशाने नॉकआउट झालेला नाही आणि लढत लांबली की त्याचा वेग वाढतो. गेचीला पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत पोटरीवर लाथा मारून त्याची हालचाल मंदावता आली, तर पट्टा त्याच्याकडे राहील. ते जमले नाही तर शेवटच्या दोन फेऱ्या हॉलोवेच्या.

अंदाज : गेची, गुणांवर, पण अगदी थोडक्यात. या कार्डवरचा हा सर्वांत कमी खात्रीचा अंदाज आहे.

ऑलिव्हेराचा अनुभव की त्सारुक्यानची ताकद?

या लढतीआधी चार्ल्स ऑलिव्हेराच्या नावावर यूएफसीत सर्वाधिक, १६ शरणागतीचे विजय आहेत. पाठीवर पडणे त्याला संकट वाटत नाही. तिथूनच त्याचा सापळा सुरू होतो. २७ वर्षांचा आर्मान त्सारुक्यान कुस्तीच्या जोरावर लढतो आणि आता त्याचे ठोसेही धारदार झाले आहेत. बेनील दारियुशला दोघांनीही पहिल्या फेरीत हरवले आहे. त्सारुक्यानला तर त्यासाठी ६४ सेकंद पुरले.

खाली आणणे त्सारुक्यानला सोपे जाईल. खाली आणल्यावर मान आणि हात वाचवणे अवघड. ऑक्टोबर २०२२ मध्ये इस्लाम मखाचेवने ऑलिव्हेराला वर राहून शरण आणले, त्यामुळे हे अशक्य नाही हे दिसले आहे. पहिल्या फेरीत ऑलिव्हेराच्या पकडीतून सुटला तर त्सारुक्यान गुणांवर जिंकेल. विजेता एप्रिल २०२४ मधील लाइटवेट विजेत्या मखाचेवसमोरच्या संधीच्या अगदी जवळ असेल.

अंदाज : त्सारुक्यान, गुणांवर.

बाकीच्या लढतींत कुठे उलटफेर?

बो निकल हा पेन स्टेट विद्यापीठाचा तीन वेळचा महाविद्यालयीन कुस्ती विजेता. या लढतीआधी पाच लढती, पाच विजय. माजी विजेत्यांना डावलून त्याला मुख्य कार्डवर घेतल्याने टीका झाली, पण कोडी ब्रंडेजविरुद्ध तो जिंकावा.

प्रोहाझ्का-राकिच ही लढत फसवी आहे. राकिच अधिक शिस्तीत लढतो, पण मे २०२२ मध्ये गुडघा दुखावल्यापासून तो लढलेला नाही. गोंधळाची लढत प्रोहाझ्काला मानवते. त्यामुळे कौल प्रोहाझ्काला. केटरही गुडघ्याच्या दुखापतीमुळे ऑक्टोबर २०२२ पासून बाहेर आहे आणि त्याच्यासमोर स्टर्लिंगसारखा पकड न सोडणारा खेळाडू आहे. कौल स्टर्लिंगला.

हॅरिसनचा विरोधक हॉली होम असली तरी खरी परीक्षा वजनकाट्यावर आहे. लंडन (२०१२) आणि रिओ (२०१६) ऑलिम्पिकमध्ये ज्युदोची सुवर्णपदके तिने ७८ किलो गटात जिंकली. आता तिला ६१ किलोच्या गटात यायचे आहे. वजन शुक्रवारी होईल. त्यासाठी शरीरातील पाणी घटवावे लागते आणि ते भरून काढायला जेमतेम दीड दिवस मिळतो. ती काट्यावरून धड उतरली, तर ४२ वर्षांच्या होमला जमिनीवर रोखता येणार नाही. उलटफेर व्हायचाच असेल तर तो दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत, तिचा दम संपल्यावर.

खेळाडूंसाठी पणाला काय?

पट्ट्यांपलीकडे मोठा प्रश्न पैशांचा आहे. बहुतेक करारांत लढण्याचे मानधन वेगळे आणि जिंकल्यास तेवढीच रक्कम वर, अशी रचना असते. म्हणजे तीन पंचांपैकी एकाचे मत फिरले तरी कमाई निम्मी होऊ शकते. या स्पर्धेसाठी यूएफसीचे प्रमुख डेना व्हाइट यांनी सर्वोत्तम कामगिरीचा बोनस तेव्हाच्या नेहमीच्या ५० हजारांवरून ३ लाख डॉलर केला आहे. खालच्या क्रमांकावरील खेळाडूसाठी ही रक्कम अनेक लढतींच्या मानधनाहून मोठी आहे. त्यामुळे आघाडीवर असतानाही काही जण सावध खेळणे सोडून नॉकआउटच्या मागे लागतील. अंदाज बांधताना ही बाबही लक्षात घ्यावी.

दुसरीकडे, यूएफसीने मक्तेदारीच्या जोरावर मानधन दाबून ठेवले, असा आरोप करत माजी खेळाडूंनी २०१४ मध्ये खटला भरला होता. तो स्पर्धेनंतर दोनच दिवसांनी, १५ एप्रिलपासून लास व्हेगासमध्येच ज्युरीसमोर चालणार होता. मार्चमध्ये यूएफसीची मालक कंपनी ‘टीकेओ’ने दोन खटले मिटवण्यासाठी साडेतेहतीस कोटी डॉलर देण्याची तयारी दाखवली. एप्रिल २०२४ मध्ये या तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळायची होती. उत्पन्नातील खेळाडूंचा वाटा सुमारे २० टक्के असल्याचे या खटल्यात पुढे आले. अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये तो निम्म्याच्या आसपास असतो. ‘सर्वांत तगडे कार्ड’ विकले जाते ते खेळाडूंच्या नावावर. त्यातील त्यांचा हिस्सा किती, याचा निर्णय पिंजऱ्याबाहेर होणार आहे.

भारतीय प्रेक्षकांसाठी काय?

या कार्डवर भारतीय खेळाडू नाही. भारत कंडारे २०१७ मध्ये शांघायमध्ये, तर उत्तराखंडचा अंशुल जुबली २०२३ मध्ये यूएफसीत लढला. २०२३ मध्ये यूएफसीशी करार करणारी पूजा तोमर ही पहिली भारतीय महिला ठरली. चीनने २०१९ मध्ये शांघायमध्ये उभे राहिलेले यूएफसीचे प्रशिक्षण केंद्र आणि झँगचे विजेतेपद एकाच वर्षात पाहिले. पाच वर्षांत तिथून विजेतेपदाचे दोन्ही दावेदार आले. कुस्तीचा पाया असलेल्या भारताने या लढतीकडे त्या नजरेने पाहायला हरकत नाही.

प्राथमिक लढती भारतीय वेळेनुसार रविवारी पहाटे साडेतीनला सुरू होतील, तर मुख्य कार्ड सकाळी साडेसातला. परेरा-हिल लढत सर्वांत शेवटी होईल. ती पाहताना पहिल्या दोन मिनिटांत हिलच्या पुढच्या पायाकडे लक्ष ठेवा. परेराच्या लाथेनंतर तो पाय पटकन पुन्हा जागेवर येत असेल, तर वरचा अंदाज बदलण्याची वेळ आली असे समजावे.