घारापुरीच्या पाहुण्यांच्या प्रवाससोयींबाबत मागणीपत्र

प्रति,
जिल्हा प्रशासन, बंदर खाते व पुरातत्त्व खाते यांचे संबंधित अधिकारी

विषय : बोटीपासून लेण्यांपर्यंतचा प्रवास सुरक्षित आणि सर्वांना झेपेल असा करण्याबाबत.

महोदय,

घारापुरीची लेणी 1987 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. गेटवेहून तासाभराची बोट, धक्क्यावरची छोटी गाडी आणि मग सुमारे 120 पायऱ्या, अशी इथली वाट. या प्रत्येक टप्प्याचा चालक वेगळा, सबंध वाटेची जबाबदारी मात्र कोणाचीच नाही. परिणामी गुडघे धरलेली वडीलधारी माणसे पायथ्याशी बसून राहतात आणि त्रिमूर्ती न पाहताच परततात. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर या तिन्ही गावांची चूल पाहुण्यांवर पेटते. त्यांची अडचण ती आमचीच. म्हणून पुढील मागण्या :

1. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीकडे येणाऱ्या बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून माणसे दगावली. प्रत्येक प्रवाशाने लाइफजॅकेट घातल्याखेरीज बोट सोडू नये. लहान मुलांच्या मापाची जॅकेटेही असावीत.

2. ओहोटीला बोट धक्क्याच्या बरीच खाली जाते. खलाशी मनगट धरून वर ओढतो, पायाखाली शेवाळ असते, मागून लाटेचा हेलकावा येतो. साडी सावरणाऱ्या आजींना हा एक पाऊलभर चढ पुढच्या सगळ्या पायऱ्यांपेक्षा अवघड जातो. पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का बसवावा.

3. छोट्या गाडीत चाकाच्या खुर्चीसाठी जागा आणि चढण्यासाठी उतार हवा. ज्येष्ठ व अपंगांना आधी बसवावे.

4. डोलीवाले भर उन्हात माणूस खांद्यावर वाहतात. डोलीचे दर त्यांच्याशी बोलून ठरवावेत आणि धक्क्यावर मराठी, हिंदी, इंग्रजीत लावावेत. घासाघीस थांबेल, पाहुण्यालाही फसल्यासारखे वाटणार नाही. डोलीवाल्यांना ओळखपत्र, अपघात विमा व विसाव्याची जागा द्यावी.

5. पायऱ्यांना सलग कठडा, टप्प्याटप्प्यावर बाके आणि पिण्याचे पाणी हवे. त्यासाठी दुकाने हातभर मागे घेऊ. मात्र कोणाचेही दुकान उठवू नये.

6. लेणी सोमवारी बंद असतात. हे आणि परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ तिकीट काढण्यापूर्वीच ठळक दिसावी.

7. रोपवेसारख्या मोठ्या योजना आखताना ग्रामसभेला विचारावे. बेटावर पर्यटकांच्या मोटारी आणू नयेत. चालत फिरता येते, हेच इथले सुख आहे.

यातील फलक, बाके, कठडे आणि जॅकेटे यांना मोठा निधी लागत नाही. ही कामे पावसाळ्यानंतरच्या हंगामापूर्वी पूर्ण व्हावीत. तरंगत्या धक्क्याचा आराखडा त्याच मुदतीत जाहीर व्हावा.

आपण सर्वांनी एखाद्या सोमवारी, ओहोटीच्या वेळी, बोटीने बेटावर यावे. संयुक्त बैठक धक्क्यावरच घेऊ आणि प्रत्येक कामाची जबाबदारी व तारीख तिथेच लेखी ठरवू.

आपले,
अध्यक्ष व सर्व सभासद,
बेटावरील डोलीवाले, दुकानदार व मार्गदर्शक यांची संघटना, घारापुरी