दहा किलोचं मशीन आणि अर्धा किलो मैदा

तर मंडळी, आधी कबुली देतो. या प्रकरणातला आरोपी मीच आहे.

दीड वर्षापूर्वी एका बंद पडलेल्या बेकरीतलं पीठ मळायचं जुनं मशीन मी विकत घेतलं. एका वेळी १० किलो मैदा मळणारं, बिडाच्या अंगाचं. टेम्पोतून उतरवायला चार माणसं लागली. आता ते आमच्या अंजूरच्या घराच्या पडवीत, बाईकच्या जागेवर उभं आहे (बाईक पावसात). आणि हल्ली ऑफिसातले दोघं-तिघं विचारतायत, "आम्हालाही असं एखादं मिळेल का रे?" एकेकाला समजावत बसण्यापेक्षा इथेच लिहितो: घेऊ नका.

मशीनच्या बाजूने जे बोललं जातं ते मला पाठ आहे, कारण घरी मीच बोललो होतो. दुकानातले देखणे मिक्सर घट्ट पिठाने कुरकुरायला लागतात, हे धूड वर्षानुवर्षं रोज चाललंय. पट्टा तुटला तर नवा मिळतो, बेअरिंग गेलं तर बदलता येतं, आणि भिवंडीसारख्या मागांच्या गावात मिस्त्रींना काय तोटा! सगळं खरं. मशीन उत्तमच आहे. फक्त ते आपल्या कामाचं नाही.

गणित बघा. माझ्या एका ब्रेडला अर्धा किलो मैदा लागतो, म्हणजे क्षमतेच्या ५ टक्के. एवढंसं पीठ टाकलं की आकडा ते पकडतच नाही, गोळा नुसता तळाशी लोळत बसतो. म्हणून मी ३ किलो मळायला लागलो. सहा ब्रेड! घरच्या ओव्हनमध्ये एका वेळी मावतो एक, त्यामुळे सहाव्याची पाळी येईपर्यंत तो आंबून ओघळलेला. चौथ्या शनिवारी तर शेजारच्या काकू मला ब्रेड घेऊन येताना बघून दार लोटायला लागल्या. दहा युजरसाठी कोणी अख्खी सर्व्हर रूम मागितली तर आपण मीटिंगमध्ये त्याची काय चामडी लोळवतो! मग स्वयंपाकघरात आपली अक्कल कुठे जाते?

शिवाय मशीन थ्री फेजचं, घर सिंगल फेजचं. मोटर बदलली. मळताना घर्षणाने पीठ तापतं. ते २५ अंशांच्या आसपास राहावं लागतं, आणि मे महिन्यात आमच्या पडवीतच ३५. मग बर्फाचं पाणी. हे सगळं सोडवायला मजा आली, नाही म्हणत नाही. पण ती मजा मशीनची होती, ब्रेडची नव्हे.

मुळात मळायचं कशासाठी? ग्लुटेनसाठी. मैद्यातली ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिनं पाण्यात भिजली की एकमेकांना धरतात आणि जाळं तयार होतं. मळल्याने ते लवकर होतं, एवढंच. २००६ साली न्यूयॉर्क टाइम्सने जिम लाहे या बेकरची न मळता करायच्या ब्रेडची कृती छापली: सैलसर पीठ, चिमूटभर यीस्ट आणि १२ ते १८ तास. बेकरीवाल्याला एवढा वेळ कुठला? पहाटेची लादी गिऱ्हाइकाला पहाटेच हवी. मला मात्र वेळ आहे. शुक्रवारी रात्री भिजवायचं आणि झोपायचं. ज्या घाईसाठी हे यंत्र बनलं, ती घाईच मला नाही.

आणि इतिहास म्हणाल तर आमच्या अंजूरचे गंगाजी नाईक वसईच्या मोहिमेतले. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, पाव राहिला. तो पाव काय मोटरवर मळत होते?

आता खरा मुद्दा. या जुन्या मशीनच्या भांड्यावर जाळी नाही. नव्या मशीनांत जाळी उचलली की मोटर बंद होते, इथे तसलं काही नाही. गणपतीत माझा सहा वर्षांचा पुतण्या गोळा उचलायला भांड्यात हात घालत होता. मी मोबाईलवर. आईने धावत येऊन प्लग खेचला. अर्ध्या सेकंदाचा प्रश्न होता. नंतर ती एवढंच म्हणाली, "थांबवायचं कामसुद्धा माझ्याकडेच का रे?"

त्या "सुद्धा"ने माझी झोप उडवली. आई चाळीस वर्षं रोज हाताने कणीक मळतेय. दोन वर्षांपासून तिचा उजवा अंगठा दुखतो. ती कणीक भिजवून झाकून ठेवते, मग मळते. जे मी इंटरनेटवरून शिकलो ते तिला आधीपासून माहीत. आणि घरात मळायचं मशीन आलं कोणासाठी? शनिवारी हौस म्हणून दोन तास पीठ चिवडणाऱ्या माझ्यासाठी! बरं, तिची पाऊण किलो कणीक त्यात मळताही येत नाही. आकडा पकडत नाही.

छंद करू नका असं मी म्हणत नाही. पण घरात मळण्यावर पैसे घालायचे असतील तर आधी रोज कोण मळतंय ते बघा. मागच्या महिन्यात एक किलोचं, झाकण उघडलं की थांबणारं छोटं यंत्र आणलं. आई म्हणते, कणीक जरा घट्ट होते. पण वापरते. रविवारची मात्र मी हाताने मळतो. पोळ्या वातड होतात, खातात बिचारे.

मोठं मशीन विकायचं आहे. ज्याला खरोखर रोज १० किलो मळायचंय त्यालाच. जाळी आणि स्विच बसवूनच देईन. येताना चार माणसं आणा.